ॲडम प्राइस

ॲडम प्राइस (जन्म: २३ सप्टेंबर १९६८, कारमार्थन, वेल्स) हे वेल्समधील राजकारणी, आर्थिक विकासाचे अभ्यासक व लेखक आहेत. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे उमेदवार म्हणून ते २००१ मध्ये कारमार्थन ईस्ट व दिनेव्हुर या मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून गेले व २०१० पर्यंत तेथे सदस्य होते. २०१६ मध्ये त्याच मतदारसंघातून ते वेल्सच्या विधिमंडळात निवडून आले आणि २०२१ मध्ये त्यांची फेरनिवड झाली. सप्टेंबर २०१८ ते मे २०२३ या काळात ते पक्षाचे नेते होते.

प्राइस यांच्या संसदीय कारकिर्दीचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो. कोळसा आणि पोलाद यांच्या बळावर एके काळी साऱ्या जगाशी व्यापार करणारा वेल्स ब्रिटनच्या गरीब भागांत का गणला जातो, आणि या गरिबीचा तेथील रुग्णालये, शाळा व रेल्वे यांच्याशी काय संबंध आहे, हा तो प्रश्न होय. सार्वजनिक सेवांची दुरवस्था ही केवळ कारभारातील ढिलाई नसून अर्थव्यवस्थेच्या रचनेचा परिणाम आहे, ही भूमिका त्यांनी लंडन व कार्डिफ या दोन्ही सभागृहांत मांडली. तिचे समर्थक आहेत तसेच टीकाकारही आहेत.

पार्श्वभूमी: वेल्सचे विधिमंडळ आणि त्याचे अधिकार

वेल्सची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३१ लाख आहे. १९९७ च्या सार्वमतात अवघ्या ६,७२१ मतांच्या आघाडीने वेल्ससाठी स्वतंत्र विधानसभा स्थापन करण्याचा कौल मिळाला आणि १९९९ मध्ये ती अस्तित्वात आली. आरंभी तिला स्वतःचे कायदे करण्याचा पूर्ण अधिकार नव्हता. तो २०११ च्या दुसऱ्या सार्वमतानंतर मिळाला. ६ मे २०२० पासून ही संस्था ‘सेनेद’ या वेल्श नावाने ओळखली जाते. तिचे कामकाज वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत चालते व सदस्य आपल्या पसंतीच्या भाषेत बोलतात.

आरोग्य, शिक्षण, स्थानिक प्रशासन व बहुतांश वाहतूक हे विषय कार्डिफकडे आहेत. एकूण अर्थसंकल्पाचा सुमारे निम्मा हिस्सा एकट्या आरोग्यखात्यावर खर्च होतो. मात्र पोलिस, न्यायव्यवस्था, रेल्वेमार्गांची उभारणी, प्रमुख कर आणि उद्योगांविषयीचे मोठे निर्णय लंडनच्या हाती आहेत. वेल्स सरकारला मिळणारा बहुतेक पैसा लंडनहून एकठोक अनुदानाच्या रूपाने येतो. हे अनुदान दर वर्षी किती वाढावे, हे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात असलेल्या ‘बार्नेट सूत्रा’नुसार ठरते. इंग्लंडमध्ये एखाद्या सेवेवरचा खर्च वाढला की त्याच्या प्रमाणात, लोकसंख्येचा हिशेब करून, वेल्सला वाढीव रक्कम मिळते. येथे गरजेपेक्षा डोकी मोजली जातात, हा या सूत्रावरचा जुना आक्षेप आहे. वेल्समध्ये वृद्धांचे व दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याने तेवढ्याच लोकसंख्येसाठी अधिक खर्च येतो. अर्थतज्ज्ञ जेराल्ड होल्टम यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००९-१० मध्ये या त्रुटीची तपशीलवार मांडणी केली. त्यानंतर डिसेंबर २०१६ मधील वित्तीय करारात वाढीव रकमेला गरजेवर आधारित गुणक लावण्याचे मान्य झाले. २०१८ मध्ये जमीन व्यवहारांवरील कर आणि कचराभूमीवरील कर हे दोन कर वेल्सने स्वतः बसवले. असे सुमारे आठ शतकांत प्रथमच घडले.

खर्चाची जबाबदारी एका सभागृहाकडे आणि उत्पन्नाची नाडी दुसऱ्याच्या हाती, अशी ही मांडणी आहे. प्राइस यांची भाषणे समजून घेण्यासाठी ती ध्यानात ठेवावी लागते.

प्रारंभिक जीवन

प्राइस यांचे वडील कोळसा खाणीतील कामगार होते. त्यांचे बालपण कारमार्थनशायरमधील ॲमन नदीच्या खोऱ्यात, ॲमनफर्ड परिसरात गेले. हे खोरे अँथ्रासाइट या उच्च प्रतीच्या कोळशासाठी प्रसिद्ध होते आणि तेथील खाणकामगारांच्या वस्त्यांत वेल्श भाषा टिकून होती. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या काळात ब्रिटनमधील खाणकामगारांचा प्रदीर्घ संप चालला, तेव्हा प्राइस शाळेत शिकत होते. या संपाने आपल्याला राजकारणाकडे वळवले, असे त्यांनी पुढे सांगितले. संप फसल्यानंतर काही वर्षांतच दक्षिण वेल्समधील खाणी एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्या गावांचे सारे जीवन खाणीच्या भोंग्यावर चालत असे, तेथे पर्यायी रोजगार उभा राहिला नाही.

ॲमनफर्ड येथील शालेय शिक्षणानंतर प्राइस यांनी कार्डिफ येथील विद्यापीठात युरोपीय समुदायाचा अभ्यास हा विषय घेऊन १९९१ मध्ये पदवी मिळवली. त्यानंतर त्यांनी तेथेच प्रादेशिक नियोजनाच्या क्षेत्रात संशोधन साहाय्यक म्हणून काम केले आणि पुढे आर्थिक विकासविषयक सल्लासेवेत प्रवेश केला. १९९२ मध्ये त्यांनी गॉवर मतदारसंघातून संसदेची निवडणूक लढवली; तीत त्यांना यश आले नाही.

‘दुसरा वेल्स’ आणि नकाशावरची रेघ

प्राइस यांच्या संसदपूर्व कामापैकी सर्वांत परिणामकारक ठरलेले काम म्हणजे नियोजनशास्त्राचे प्राध्यापक केविन मॉर्गन यांच्यासह त्यांनी लिहिलेली व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली पुस्तिका. ‘दुसरा वेल्स’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या या पुस्तिकेत युरोपीय संघाच्या सर्वोच्च श्रेणीच्या विकास साहाय्यावर वेल्सचा हक्क कसा पोहोचतो, याचे विवेचन आहे.

हे साहाय्य मिळण्यासाठी त्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असावे लागे. वेल्सचे सांख्यिकीय विभाग तोवर दक्षिण व उत्तर असे पाडलेले होते. दक्षिण विभागात कार्डिफ हे सधन राजधानीचे शहर आणि त्याच्या माथ्यावरची, खाणी बंद पडल्याने उजाड झालेली खोरी एकत्र मोजली जात. सरासरी काढली की खोऱ्यांचे दारिद्र्य कार्डिफच्या समृद्धीत झाकले जाई आणि दोहोंपैकी कोणताच विभाग निकषाला उतरत नसे. मॉर्गन व प्राइस यांचा युक्तिवाद असा की, वेल्सची खरी विभागणी उत्तर-दक्षिण नसून पूर्व-पश्चिम आहे. ग्रामीण पश्चिम वेल्स आणि दक्षिणेकडील खोरी यांचे अर्थजीवन एकमेकांशी अधिक जुळते. तेव्हा त्यांचा एक विभाग करावा.

विभागांची फेरआखणी याच दिशेने झाली. वेल्समधील २२ स्थानिक प्रशासन क्षेत्रांपैकी १५ क्षेत्रे ‘पश्चिम वेल्स व खोरी’ या नव्या विभागात आली, आणि हा विभाग २००० ते २००६ या कालखंडाच्या साहाय्याला पात्र ठरला. या निर्णयामागे अनेकांचे प्रयत्न होते, त्यामुळे त्याचे श्रेय एका पुस्तिकेला देता येणार नाही. तरीही आकडेवारीच्या कोष्टकात सरासरी कोणत्या प्रदेशाची काढायची, यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य कसे अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

युरोपीय साहाय्याच्या जोडीला लागणारा देशांतर्गत निधी लंडन देणार की नाही, या प्रश्नावरून फेब्रुवारी २००० मध्ये वेल्स सरकारचे पहिले प्रमुख ॲलन मायकल यांना अविश्वास ठरावाला तोंड देऊन पद सोडावे लागले. पुढे हा विभाग २००७-१३ व २०१४-२० या कालखंडांतही साहाय्याला पात्र ठरला. पैसा मिळत राहिला ही एक बाजू. पण वीस वर्षांनंतरही तो भाग निकषाच्या वर येऊ शकला नाही, ही दुसरी बाजू प्राइस यांनीच पुढे वारंवार मांडली. २०१६ च्या सार्वमतात वेल्सने ५२.५ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, आणि अधिक साहाय्य मिळालेल्या खोऱ्यांतही हा कौल ठळक होता.

हाउस ऑफ कॉमन्समध्ये (२००१-२०१०)

कारमार्थनचा परिसर प्लाइड कम्रीच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. पक्षाचे पहिले खासदार ग्विनव्होर इव्हान्स हे जुलै १९६६ च्या पोटनिवडणुकीत येथूनच निवडून आले होते. २००१ च्या निवडणुकीत प्राइस यांनी मजूर पक्षाकडून कारमार्थन ईस्ट व दिनेव्हुर हा मतदारसंघ घेतला. २००५ मध्ये त्यांचे मताधिक्य वाढले.

ते संसदेत आले तेव्हा वेल्समधील पोलाद उद्योग संकटात होता. ब्रिटिश स्टील व एक डच कंपनी यांच्या एकत्रीकरणातून १९९९ मध्ये तयार झालेल्या कोरस या कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये सुमारे ६,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील जवळपास निम्म्या वेल्समधील होत्या. लानवर्न येथील पोलादनिर्मिती थांबली आणि एबू व्हेलचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला.

याच पार्श्वभूमीवर, फेब्रुवारी २००२ मध्ये, प्राइस यांनी एक पत्र उजेडात आणले. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जुलै २००१ मध्ये रुमानियाचे पंतप्रधान आद्रियान नास्तासे यांना ते लिहिले होते. गलात्स येथील सिडेक्स हा सरकारी पोलाद कारखाना राजस्थानात जन्मलेले उद्योगपती लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीला विकण्याच्या व्यवहाराचे त्यात स्वागत केले होते आणि या कंपनीचा उल्लेख ब्रिटिश कंपनी असा होता. मित्तल यांनी त्याच वर्षी मजूर पक्षाला १,२५,००० पौंडांची देणगी दिली होती. कंपनीची नोंदणी कॅरिबियन समुद्रातील डच अँटिल्समध्ये होती आणि तिच्या कामगारांपैकी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

पत्र देणगीच्या बदल्यात लिहिले गेले, हा आरोप ब्लेअर यांनी साफ फेटाळला. सभागृहात त्यांनी या प्रकरणाची ‘कचरा प्रकरण’ अशा अर्थाच्या शब्दाने खिल्ली उडवली. देणगी आणि पत्र यांत देवाणघेवाण झाल्याचे सिद्ध झाले नाही. तथापि प्राइस यांचा रोख केवळ देणगीवर नव्हता. वेल्समधील पोलाद कामगारांच्या नोकऱ्या जात असताना त्यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या उद्योगाला पंतप्रधानांच्या सहीचे पाठबळ कसे मिळते, असा त्यांचा सवाल होता. शिवाय मित्तल यांच्या अमेरिकेतील कंपनीने परदेशी पोलादावर आयात शुल्क लावावे यासाठी तेथील सरकारकडे आग्रह धरला होता, आणि असे शुल्क ब्रिटिश पोलादालाही मारक ठरणारे होते. नवख्या खासदाराने एका पत्रावरून उभा केलेला हा प्रश्न अनेक आठवडे वृत्तपत्रांत गाजत राहिला.

इराक युद्धाच्या प्रश्नावरही प्राइस आघाडीवर होते. ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी ब्लेअर यांच्यावर महाभियोग चालवावा अशी मोहीम सुरू केली. मार्च २००५ मध्ये पंतप्रधानांनी संसदेची दिशाभूल केली, हे आपले विधान मागे घेण्यास नकार दिल्याने त्यांना सभागृहाबाहेर जावे लागले. ३१ ऑक्टोबर २००६ रोजी युद्धाच्या चौकशीची मागणी करणारा ठराव त्यांनी मांडला. तो २७३ विरुद्ध २९८ मतांनी फेटाळला गेला.

२०१० मध्ये त्यांनी संसदेची निवडणूक न लढवता अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलमध्ये लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले.

आर्थिक विचार

२०११ मध्ये बेन लेव्हिंगर यांच्यासह लिहिलेल्या ‘द फ्लोटिला इफेक्ट’ या अहवालात प्राइस यांनी युरोपातील लहान देशांच्या अर्थव्यवस्थांचा अभ्यास केला. ‘फ्लोटिला’ म्हणजे छोट्या नौकांचा ताफा. वादळात अवाढव्य जहाजापेक्षा छोट्या नौका लवकर दिशा बदलू शकतात. त्याप्रमाणे लहान देश आपली धोरणे परिस्थितीनुसार चटकन बदलू शकतात आणि म्हणून त्यांची दीर्घकालीन वाढ चांगली असते, असा अहवालाचा सूर होता. २००८ च्या आर्थिक संकटात आइसलंड व आयर्लंड या लहान देशांची जी वाताहत झाली, तिच्याकडे बोट दाखवून टीकाकारांनी हा निष्कर्ष घाईचा ठरवला.

२०१८ मध्ये त्यांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच वेल्सला इंग्लंडची ‘पहिली व अखेरची वसाहत’ म्हटले आहे. वेल्सच्या संपत्तीचा उपसा झाला, म्हणून ब्रिटनने भरपाई द्यावी, अशी मागणीही त्यांनी २०१९ मध्ये केली. ही मांडणी वादग्रस्त ठरली. ब्रिटिश साम्राज्याच्या लष्करात, प्रशासनात व व्यापारात वेल्श माणसांचाही सहभाग होता. तेव्हा वेल्सची तुलना आशिया-आफ्रिकेतील वसाहतींशी करणे म्हणजे तेथील जनतेच्या यातनांना कमी लेखणे होय, असा आक्षेप घेतला गेला. भारतीय वाचकाला हा आक्षेप सहज पटण्याजोगा आहे. मात्र कोळशाच्या नफ्यातून खोऱ्यांत टिकाऊ असे फार थोडे उभे राहिले, हे प्राइस यांचे मूळ विधान त्यामुळे खोटे ठरत नाही.

स्वातंत्र्याच्या मागणीला दिले जाणारे सर्वांत भक्कम उत्तर हिशेबाचे आहे. वेल्समध्ये गोळा होणारे कर आणि वेल्ससाठी होणारा सार्वजनिक खर्च यांतील तफावत २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला १३ ते १४ अब्ज पौंडांच्या घरात होती. स्वतंत्र झाल्यास ही तूट कोण भरून काढणार, असे विरोधक विचारतात. ही तूट म्हणजे सध्याच्या व्यवस्थेचे फलित आहे, तिच्या समर्थनाचे कारण नव्हे, असे प्राइस यांचे उत्तर असते. दोन्ही बाजू एकच आकडा पुढे करतात आणि त्यातून परस्परविरोधी निष्कर्ष काढतात.

वेल्सच्या विधिमंडळात

५ मे २०१६ च्या निवडणुकीत प्राइस विधानसभेवर निवडून आले. नव्या सभागृहाच्या आरंभीच, ११ मे रोजी, सरकारचे प्रमुख निवडताना मजूर पक्षाचे कार्विन जोन्स आणि प्लाइड कम्रीच्या लिअ‍ॅन वूड यांना प्रत्येकी २९ मते पडून पेच निर्माण झाला; तो आठवड्याभराने जोन्स यांच्या निवडीने सुटला. बहुमत नसलेल्या सरकारला अर्थसंकल्प संमत करून घेण्यासाठी विरोधकांची गरज होती, आणि ही संधी प्राइस यांनी पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते म्हणून हेरली. तत्कालीन अर्थमंत्री मार्क ड्रेकफर्ड यांच्याशी वाटाघाटी होऊन ऑक्टोबर २०१७ मध्ये दोन वर्षांसाठी २१ कोटी पौंडांच्या तरतुदींचा करार झाला.

या काळातील त्यांच्या भाषणांची एक पद्धत दिसते. एखाद्या सेवेतील उणीव सांगून ते थांबत नाहीत. त्या उणिवेमागील पैशाचा माग ते काढतात. जुलै २०१७ मध्ये लंडन सरकारने कार्डिफ ते स्वान्सी रेल्वेमार्गाच्या विद्युतीकरणाचा बेत रद्द केला. जून २०१८ मध्ये स्वान्सी उपसागरातील भरती-ओहोटीवर वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पाला, खर्च परवडणारा नाही असे कारण देऊन, नकार दिला. या दोन निर्णयांचा दाखला देऊन, वेल्समधील गुंतवणुकीचे निर्णय वेल्सला उत्तरदायी नसलेले मंत्री घेतात, असे प्लाइड कम्रीने ठासून सांगितले.

लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या ‘एचएस-२’ या अतिजलद रेल्वेचे प्रकरण याहून लक्षणीय आहे. या मार्गाचा एक इंचही वेल्समधून जात नाही. तरीही रेल्वेमार्गांची उभारणी हा विषय वेल्सकडे नसल्याने तो ‘इंग्लंड व वेल्स’ यांचा प्रकल्प गणला गेला. परिणामी स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांना त्याच्या खर्चाच्या प्रमाणात वाढीव रक्कम मिळाली आणि वेल्सला मात्र मिळाली नाही. प्राइस व त्यांचा पक्ष यांनी वेल्सच्या हक्काचे अब्जावधी पौंड बुडाल्याची तक्रार सातत्याने केली. जुलै २०२१ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या वेल्सविषयक समितीनेही हा प्रकल्प केवळ इंग्लंडचा मानावा, अशी शिफारस केली. त्या समितीचे अध्यक्ष हुजूर पक्षाचे होते, म्हणजे ही तक्रार एका पक्षापुरती उरली नव्हती.

टीका केवळ लंडनवर होती असे नाही. १९९९ पासून वेल्समध्ये सतत मजूर पक्षाचे किंवा त्याच्या नेतृत्वाखालील सरकार होते. रुग्णालयांतील प्रतीक्षा याद्या, उत्तर वेल्समधील आरोग्य मंडळाला जून २०१५ मध्ये विशेष देखरेखीखाली ठेवण्याची वेळ येणे, सार्वजनिक खरेदीतील पैसा वेल्सबाहेरच्या कंपन्यांकडे जाणे यांची जबाबदारी कार्डिफचीच आहे, असे प्राइस यांच्या पक्षाने वारंवार सुनावले. सरकारी खात्यांच्या खरेदीपैकी ७५ टक्के वाटा स्थानिक उद्योगांना मिळावा, असे उद्दिष्ट प्लाइड कम्रीने २०२१ च्या निवडणुकीत ठेवले होते.

पक्षनेतृत्व (२०१८-२०२३)

२८ सप्टेंबर २०१८ रोजी प्राइस यांनी विद्यमान नेत्या लिअ‍ॅन वूड व रिन आप योर्वर्थ यांचा पराभव करून पक्षाचे नेतृत्व मिळवले. समलैंगिक असल्याचे जाहीरपणे सांगणारे ते पक्षाचे पहिले नेते होत. नेता या नात्याने दर मंगळवारच्या प्रश्नोत्तरात त्यांचा सामना सरकारचे प्रमुख झालेल्या ड्रेकफर्ड यांच्याशी होई. दोघेही वेल्शभाषक, दोघेही अभ्यासू. त्यामुळे हे प्रश्नोत्तर बऱ्याचदा आरडाओरड्यापेक्षा मुद्द्यांवर चाले. कोविड साथीतील निर्णयांची वेल्सपुरती स्वतंत्र चौकशी व्हावी, ही प्राइस यांची मागणी ड्रेकफर्ड यांनी मान्य केली नाही. ब्रिटनव्यापी चौकशी पुरेशी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मे २०२१ च्या निवडणुकीत पक्षाची सत्ता आल्यास पहिल्या कार्यकाळातच स्वातंत्र्यावर सार्वमत घेण्याचे आश्वासन प्राइस यांनी दिले. निकालात ६० पैकी मजूर पक्षाला ३०, हुजूर पक्षाला १६ व प्लाइड कम्रीला १३ जागा मिळाल्या. माजी नेत्या वूड यांचा रॉन्डा मतदारसंघही गेला.

या निकालानंतर प्राइस यांनी वेगळा मार्ग धरला. १ डिसेंबर २०२१ रोजी त्यांनी व ड्रेकफर्ड यांनी तीन वर्षांच्या सहकार्य करारावर सह्या केल्या. प्लाइड कम्री मंत्रिमंडळात सामील झाली नाही. मात्र ४६ धोरण क्षेत्रांत दोन्ही पक्षांनी मिळून काम करायचे ठरले. प्राथमिक शाळेतील सर्व मुलांना मोफत जेवण हे त्यातील सर्वांत दृश्य कलम. सप्टेंबर २०२२ मध्ये लहान वर्गांपासून सुरुवात होऊन दोन वर्षांत ही योजना सर्व प्राथमिक वर्गांपर्यंत पोहोचली. गरीब मुलांची वेगळी यादी न करता सरसकट सर्वांना जेवण देण्यामागे, ताटावरून मुलाची गरिबी ओळखू येऊ नये, हा विचार होता. दोन वर्षांच्या मुलांसाठी संगोपन सेवांचा विस्तार, पर्यटनस्थळी बाहेरच्यांनी घेतलेल्या दुसऱ्या घरांवर नियंत्रण आणि सेनेदची सदस्यसंख्या ६० वरून ९६ करणे हीही करारातील कलमे होती.

या कराराने एक पेच निर्माण केला. ज्या धोरणांत आपला वाटा आहे त्याच सरकारला मंगळवारी जाब विचारायचा कसा, हा तो पेच. हुजूर पक्षाने प्लाइड कम्रीला विरोधी पक्ष म्हणण्यावरच आक्षेप घेतला. दुसरीकडे, विरोधात राहून वर्षानुवर्षे भाषणे केल्याने जे साधले नसते ते कराराने साधले, असे पक्षाचे म्हणणे होते. मोफत जेवणाच्या बाबतीत ते रास्त दिसते. आरोग्यसेवेविषयी मात्र करारात फारसे काही नव्हते, आणि सर्वाधिक पैसा तर तेथेच खर्च होतो.

पक्षांतर्गत वातावरणाविषयीच्या तक्रारींनंतर नेमलेल्या कार्यगटाने मे २०२३ मध्ये अहवाल दिला. पक्षात छळवणूक, दादागिरी व स्त्रीद्वेष यांना आळा घालण्यात अपयश आल्याचे त्यात नमूद होते. १० मे २०२३ रोजी प्राइस यांनी नेतेपद सोडण्याचे जाहीर केले. ल्लीर ग्रिफिथ यांनी हंगामी नेते म्हणून काम पाहिले आणि जूनमध्ये रिन आप योर्वर्थ नेते झाले. सहकार्य करार पक्षाने मे २०२४ मध्ये मुदतीपूर्वीच संपवला.

सभागृहातील सत्यकथनाविषयीचा कायदा

लोकप्रतिनिधीने जाणूनबुजून केलेली दिशाभूल हा कायद्याने दंडनीय गुन्हा असावा, हा प्राइस यांचा जुना आग्रह. हाउस ऑफ कॉमन्समध्ये असताना २००७ मध्ये त्यांनी त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. ते पुढे गेले नाही. खोटे बोलल्याचा आरोप करणारा सदस्य सभागृहाबाहेर काढला जातो, पण खोटे बोलणाऱ्याला कायद्याची भीती नसते, ही विसंगती त्यांनी २००५ मध्ये स्वतः अनुभवली होती.

नेतेपद सोडल्यानंतर त्यांनी हा विषय सेनेदमध्ये पुन्हा हाती घेतला. जुलै २०२४ मध्ये निवडणूकविषयक विधेयकाच्या चर्चेत वेल्स सरकारने आश्वासन दिले की, स्वतंत्र न्यायिक प्रक्रियेत जाणीवपूर्वक फसवणुकीचा दोषी ठरलेला सदस्य वा उमेदवार अपात्र ठरावा, असा कायदा २०२६ पूर्वी आणला जाईल. सभागृहातील भाषणस्वातंत्र्यावर न्यायालयाची टाच येईल, अशी शंका घेणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. आकडेवारीवर चालणाऱ्या अर्थसंकल्पीय वादात मतभेद कोठे संपतो आणि असत्य कोठे सुरू होते, हे ठरवणे सोपे नसते.

पोर्ट टॅल्बट आणि टाटा स्टील

प्राइस यांनी मांडलेल्या प्रश्नाचा मुंबईशीही संबंध येतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस कंपनी विकत घेतली आणि दक्षिण वेल्समधील पोर्ट टॅल्बटचा पोलाद कारखाना टाटा समूहाकडे आला. मार्च २०१६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाची मुंबईत बैठक झाली आणि ब्रिटनमधील व्यवसाय विकण्याचा पर्याय खुला असल्याचे जाहीर झाले. कामगार संघटनेचे प्रतिनिधी व स्थानिक खासदार स्टीव्हन किनॉक त्यासाठी मुंबईला आले होते. त्या मे महिन्यातील वेल्सच्या निवडणुकीवर या बातमीचे सावट होते. तेव्हाची विक्री टळली.

जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने पोर्ट टॅल्बटच्या दोन्ही झोतभट्ट्या बंद करण्याचे जाहीर केले. दररोज सुमारे १० लाख पौंडांचा तोटा होत असल्याचे कारण देण्यात आले. ब्रिटनमधील सुमारे २,८०० नोकऱ्या जाणार होत्या. त्यांच्या जागी भंगार वितळवून पोलाद करणारी विजेची भट्टी सव्वाशे कोटी पौंड खर्चून उभारायची असून त्यांतील ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकार देणार आहे. प्लाइड कम्रीने कारखाना सरकारने ताब्यात घ्यावा, अशी मागणी केली. सेनेदला तसे करण्याचा पैसा नव्हता आणि अधिकारही नव्हता. तिने चर्चा केली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटची झोतभट्टी विझवण्यात आली.

एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प येथील झोतभट्ट्या बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा ब्रिटिश संसदेने शनिवारी खास अधिवेशन भरवून एका दिवसात कायदा केला आणि कारखान्याचे नियंत्रण सरकारच्या हाती घेतले. पोर्ट टॅल्बटसाठी हे का झाले नाही, असा प्रश्न प्लाइड कम्रीच्या सदस्यांनी विचारला. पोर्ट टॅल्बटविषयी खासगी कंपनीशी करार आधीच झालेला होता आणि दोन्ही ठिकाणची परिस्थिती वेगळी होती, असे सरकारचे उत्तर होते.